सतरा तास आणि एक खुर्ची

मे महिना, रात्रीचा एक वाजलेला. धुळ्याकडच्या एका सरकारी रुग्णालयात माझ्या भाचीचं दीड किलोचं बाळ ऊब देणाऱ्या वॉर्मरखाली होतं. नाईट ड्युटीच्या सिस्टरने आम्हाला आत बोलावलं, बाळाचं झबलं काढलं, टोपी तशीच ठेवली आणि भाचीला म्हणाली, "माय, पोरले छातीले लाईसन बठ." पण बसायचं कशावर? पाठ टेकता येईल अशी एकच खुर्ची, तिच्यावर केसपेपरांचा गठ्ठा. सिस्टरने तो उचलून खाली ठेवला.

उघड्या बाळाला आईच्या छातीशी धरून तिच्या अंगाची ऊब द्यायची, याला कांगारू मातृसेवा म्हणतात. नाजूक बाळांना उबेत ठेवायच्या काचेच्या पेट्या पुरेनात म्हणून कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी १९७८ च्या सुमारास ती सुरू केली. पूर्वी बाळाची तब्येत स्थिरावल्यावरच त्याला छातीशी देत. २०२१ मध्ये मोठा पुरावा आला. भारतासह पाच देशांत, आपल्याकडे दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात, १ ते १.८ किलोच्या सुमारे ३,२०० बाळांवर अभ्यास झाला. जन्मानंतर लगेच छातीशी दिलेल्या बाळांपैकी १२ टक्के पहिल्या अठ्ठावीस दिवसांत दगावली, नेहमीच्या पद्धतीने सांभाळलेल्यांत १५.७ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवला गेला.

आमच्या सिस्टरला हे ठाऊक होतं. प्रशिक्षणात सांगितलं होतं, भिंतीवर पोस्टरही होतं. त्या अभ्यासात बाळं दिवसाला साधारण सतरा तास आईच्या छातीशी होती, कारण बाळांच्याच कक्षात आयांना खाटा दिल्या होत्या. खाट कुठून आणायची, आईला आत किती वेळ राहू द्यायचं, यातलं काहीच सिस्टरच्या हातात नाही.

अमेरिकेत सँड्रा फंक आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये परिचारिकांना विचारलं होतं की संशोधन वापरताना नेमकं काय आडवं येतं. सर्वांत वर आलेलं उत्तर होतं: रुग्णाची काळजी घेण्याची रीत बदलण्याचा अधिकार आम्हाला आहे असं वाटत नाही. त्याच्या पाठोपाठ, वेळ नाही. तीच प्रश्नावली पुढे कितीतरी देशांत वापरली गेली आणि ही दोन उत्तरं पुन्हा पुन्हा वरच दिसली. शोधनिबंध इंग्रजीत, आकडेमोड किचकट, हेही खरंच. तरीही आपल्याकडे उपाय म्हणून आणखी एक प्रशिक्षण ठेवलं जातं, याचा मला राग येतो. ज्या बाईला सगळं माहीत आहे तिलाच पुन्हा शिकवायचं, आणि खाटेची मागणी मात्र फायलीत पडून राहते.

त्या रात्री आमच्या सिस्टरकडे बारा बाळं होती आणि सोबतीला एकच मदतनीस. एकाची सलाइन, दुसऱ्याचं नळीने दूध, मध्येच रजिस्टर. पंखा गरम वारा फेकत होता. तरी दर थोड्या वेळाने येऊन ती बाळाच्या तळपायाला हात लावून बघायची, मान वाकडी तर नाही ना, श्वास नीट चाललाय ना. बाळ शांत झोपलं होतं. भाचीला मात्र सिझरचे टाके ओढायला लागले, ती घामाने निथळली. शेवटी ती म्हणाली, "सिस्टर, आता नाही बसवत."

सिस्टरने बाळ अलगद वॉर्मरखाली ठेवलं आणि रजिस्टर ओढलं. कांगारू सेवेच्या रकान्यात तिने लिहिलं: ४० मिनिटं.