स्वस्त टॅबची स्पर्धा आणि बर्डीचा बाजार

स्वस्त टॅब म्हणजे साधारण १५ हजारांच्या आत मिळणारा, ७ ते ११ इंची स्क्रीनचा, जवळपास नेहमीच अँड्रॉइडवर चालणारा टॅबलेट. नागपुरात सगळे टॅबच म्हणतात, टॅबलेट म्हटलं की घरातल्या मोठ्यांना आजही बीपीची गोळी आठवते. २०१० ते २०१५ या काळात या एका वस्तूवरून जगातल्या बहुतेक सगळ्या मोठ्या टेक कंपन्या भिडल्या. वरवर बघता भांडण किमतीचं होतं, कोण किती स्वस्त देतो याचं, पण खरी मारामारी आतल्या सॉफ्टवेअरची होती, ज्याच्याकडे स्वतःचं ॲप स्टोअर होतं तो बिननफ्याचा टॅब विकूनही तरला आणि ज्याच्याकडे नुसता डबा होता तो डबा विकून विकून संपला. नागपूरच्या सीताबर्डी बाजारातल्या, म्हणजे बर्डीवरच्या काउंटरवर हे सगळं जरा उशिरा पोचलं, पण पोचलं.

आधी काय झालं

ॲपलनं २७ जानेवारी २०१० ला आयपॅड दाखवला, एप्रिलमधे अमेरिकेत ४९९ डॉलरपासून विकायला काढला, भारतात तो जानेवारी २०११ मधे २७,९०० रुपयांपासून आला. त्या पैशात तेव्हा बरा लॅपटॉप येत होता, त्यामुळे आपल्याकडे आयपॅड म्हणजे डॉक्टर-बिल्डर लोकांच्या हातातली वस्तू. सॅमसंगनं २०१० मधेच ७ इंची गॅलेक्सी टॅब काढला होता, पण त्यात अँड्रॉइड २.२ होतं, म्हणजे फोनसाठी लिहिलेलं सॉफ्टवेअर मोठ्या काचेवर ताणून बसवलेलं.

गूगलनं फेब्रुवारी २०११ मधे खास टॅबसाठी अँड्रॉइड ३.० काढलं, हनीकोंब. आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या जी सहसा कोणी सांगत नाही. हनीकोंबचा सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअरचं मूळ लिखाण, गूगलनं तेव्हा खुला केलाच नाही, ठराविक कंपन्यांनाच दिला. त्यामुळे चीनमधले छोटे कारखानदार, जे फुकटच्या अँड्रॉइडवरच जगत होते, ते वर्षभर त्या जुन्या २.२ आणि २.३ वर अडकून पडले आणि त्या काळातले स्वस्त टॅब इतके रद्दी का होते याचं अर्धं उत्तर इथेच आहे. २०११ च्या शेवटी अँड्रॉइड ४.० आलं, फोन आणि टॅब दोन्हीसाठी एकच, त्याचा कोड खुला झाला, आणि त्याच सुमारास चीनच्या ऑलविनर कंपनीची ए१० ही स्वस्त चिप बाजारात आली. हे दोन्ही एकत्र आले आणि २०१२ मधे बांध फुटला.

मधल्या काळात मोठमोठे पडले. एचपीनं पाम कंपनी १२० कोटी डॉलरला विकत घेऊन तिच्या वेबओएस या सॉफ्टवेअरवर टचपॅड नावाचा टॅब काढला, जुलै २०११ मधे बाजारात, १८ ऑगस्टला बंद, उरलेला माल ९९ डॉलरला वाटून टाकला. त्या ९९ डॉलरच्या सेलला लोकांनी उड्या मारल्या, म्हणजे गिऱ्हाईक होतं, ४९९ ला नव्हतं एवढंच. ब्लॅकबेरीचा प्लेबुक त्याहून गमतीशीर, ईमेलसाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीच्या टॅबमधे सुरुवातीला ईमेलचं ॲपच नव्हतं, त्यासाठी शेजारी ब्लॅकबेरी फोन जोडावा लागायचा! भारतात त्याची किंमत वर्षाच्या आतच जवळपास अर्ध्यावर आणली.

ॲमेझॉननं मात्र बरोबर नस पकडली. २८ सप्टेंबर २०११ ला किंडल फायर जाहीर झाला, १९९ डॉलर, अँड्रॉइडच पण गूगलचं काहीच नाही, दुकान ॲमेझॉनचं, पुस्तकं-सिनेमे ॲमेझॉनचे. जेफ बेझोसनं २०१२ मधे उघडच सांगितलं की यंत्र आम्ही लागत किमतीत विकतो, कमाई नंतरच्या खरेदीत. गूगलनं जून २०१२ मधे असूसकडून बनवून घेतलेला नेक्सस ७ त्याच १९९ डॉलरला उतरवला. ॲपलनं ऑक्टोबरमधे आयपॅड मिनी काढला पण ३२९ डॉलरच्या खाली काही उतरले नाहीत ते, त्यांना गरजही नव्हती.

आकाश

भारतात स्वस्त टॅब हा शब्द घराघरात गेला तो आकाशमुळे. ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत तेव्हाचे मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी तो सादर केला (योगायोग असा की त्याच तारखेला तिकडे अमेरिकेत स्टीव्ह जॉब्स वारले). बनवणारी कंपनी डेटाविंड, ७ इंची स्क्रीन, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, अँड्रॉइड २.२ आणि रेझिस्टिव्ह टच. रेझिस्टिव्ह टच म्हणजे काय हे ज्यांनी वापरलं नाही त्यांना सांगून कळणार नाही, बोट फिरवून उपयोग नाही, नखानं दाबायचं, मग तो विचार करणार, मग तुम्ही परत दाबणार आणि तेवढ्यात पहिलं दाबलेलं उघडणार.

टीका बरीच झाली आणि ती बरोबरच होती. पण वर्षभरात दुसरी आवृत्ती आली, ११ नोव्हेंबर २०१२ ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते, तिच्यात १ गिगाहर्ट्झ प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम, कपॅसिटिव्ह टच (आताच्या फोनसारखा, बोट लावलं की चालणारा) आणि अँड्रॉइड ४.०. सरकारला तो २,२६३ रुपयांना पडत होता आणि विद्यार्थ्यांना सबसिडी धरून १,१३० ला द्यायचा होता. तपासणीचं आणि त्यावरच्या अभ्यासक्रमाचं काम आयआयटी मुंबईकडे होतं. माझं मत विचाराल तर आकाशनं वर्गात फार काही बदललं नाही, बदललं ते बाजारात. तीन हजाराच्या आसपास टॅब बनू शकतो हे एकदा सरकारनंच दाखवल्यावर दहा हजार मागणाऱ्या दुकानदाराला गिऱ्हाईक विचारायला लागलं, काऊन बाप्पा, इतके कायचे?

२०१२ ची रेलचेल

मग सगळेच उतरले. मायक्रोमॅक्सचा फनबुक एप्रिल २०१२ मधे ६,४९९ रुपयांना, आत तीच ऑलविनरची चिप. कार्बन, लावा, आयबॉल, झिंक, एचसीएल, पुण्याची स्वाइप, बीएसएनएलनंसुद्धा पँटेल कंपनीसोबत ३,२५० चा टॅब काढला. यातले बरेचसे टॅब आतून सख्खे भाऊ होते. चीनमधल्या शेन्झेनच्या बाजारात तयार बोर्ड मिळायचा, चिप बनवणारी कंपनीच सर्किट आणि सॉफ्टवेअर सगळं आयतं द्यायची, तुम्ही फक्त डब्यावर नाव आणि सुरू होताना दिसणारा लोगो बदलायचा. त्यामुळे स्पर्धा राहिली कशात, तर जाहिरातीत, सोबत फुकट मिळणाऱ्या कव्हरमधे आणि सर्व्हिस सेंटर कुठे आहे त्यात.

नागपुरात हा माल मुख्यतः बर्डीवर विकला गेला, मोदी नंबर एक-दोन-तीन अशा आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांमधली मोबाईल-इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आणि आसपासचे पॅसेज. दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला, सिमवाला पाहिजे का वायफायवाला? हा प्रश्न साधा वाटतो पण फसवणूक इथेच व्हायची, कारण वायफायवाला दोन हजारांनी स्वस्त आणि घरी वायफाय कोणाकडेच नाही, मग नेटचं यूएसबी डोंगल लावा, ते लावायला छोटी ओटीजी वायर लागते, ती वेगळी, आणि सगळेच डोंगल चालत नाहीत, यादी बघा.

माझ्याकडे अशा एका कंपनीचा ७ इंची टॅब होता, कंपनीचं नाव जाऊ द्या. त्याचा चार्जर बारीक गोल पिनचा, मोबाईलचा चार्जर चालायचा नाही, आणि ती पिन सहा महिन्यात आत ढिली झाली. मग एका ठराविक कोनात वायर वाकवून, वर डिक्शनरी ठेवून चार्ज करायचा. मे महिन्यात ४५ डिग्रीत कूलरसमोर धरला तरी मागून तव्यासारखा तापायचा आणि आपोआप बंद पडायचा.

दुरुस्ती

हा भाग नोंदीत हवाच, कारण स्वस्त टॅबचं खरं आयुष्य रिपेअरवाल्याच्या टेबलावर कळतं. तक्रारी दोनच, टच गेला किंवा हँग होऊन राहिला. स्वस्त टॅबमधे टचची काच आणि खालचा डिस्प्ले वेगवेगळे असायचे, त्यामुळे काच फुटली तर फक्त काच बदलता यायची, बऱ्याच महागड्या टॅबमधे दोन्ही चिकटलेले असतात, पूर्ण कॉम्बो घ्यावा लागतो. पण ती काच मॉडेलच्या नावानं मिळायची नाही. टचच्या काचेला जी पिवळट पट्टी असते तिच्यावर बारीक अक्षरात एक नंबर छापलेला असतो, कारागीर टॅब उघडणार, पट्टी उलटी करणार, मोबाईलच्या टॉर्चमधे नंबर वाचणार आणि काचांच्या गठ्ठ्यात तो शोधणार. "भाऊ, टच भेटते, पण नंबर जुळला पाहिजे," हे वाक्य मी किमान चारदा ऐकलंय. गंमत म्हणजे दोन वेगळ्या कंपन्यांच्या टॅबमधे एकच नंबर निघायचा, सख्खे भाऊ म्हटलं ते यामुळेच.

दुसरी तक्रार असली की सॉफ्टवेअर मारायचं, म्हणजे फ्लॅश करायचं, सगळं नव्यानं टाकायचं. कंपनी अपडेट देत नसे, तेव्हा कारागीरच कुठून तरी फाईल मिळवायचा आणि कधी चुकीची फाईल गेली की स्क्रीन उलटी दिसायची किंवा टच डावीकडे दाबला तर उजवीकडे लागायचा.

मराठीचं प्रकरण वेगळंच. जुन्या अँड्रॉइडवर बऱ्याच यंत्रांत देवनागरीच्या जागी चौकोनी डब्बे दिसायचे, पुढे अक्षरं दिसायला लागली पण जोडाक्षरं तुटलेली, वेलांटी भलतीकडे. मेनू-सेटिंगसकट पूर्ण अँड्रॉइड मराठीत आलं ते २०१४ च्या ५.० मधे. म्हणजे टॅबची लाट ओसरायला लागली तेव्हा.

ओहोटी

मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल या दोघांनी उशिरा पैसा ओतला. मायक्रोसॉफ्टनं एप्रिल २०१४ मधे ९ इंचांपेक्षा छोट्या यंत्रांसाठी विंडोज फुकट केलं, इंटेलनं आपली चिप वापरावी म्हणून टॅबवाल्यांना उलट पैसे दिले, त्या वर्षी ४ कोटी टॅबमधे चिप बसवायचं लक्ष्य गाठलंही, आणि मोबाईल विभागाचा तोटा ४२० कोटी डॉलर. विंडोजचे ते छोटे टॅब बर्डीवर दिसायचे, १६ जीबीत विंडोजच मावत नव्हतं नीट. फ्लिपकार्टनंही २०१४ मधे डिजिफ्लिप नावानं ९,९९९ चा टॅब काढून पाहिला. फोनच्या बाजूला मोझिलानं फायरफॉक्स ओएस हे अँड्रॉइडसारखं सॉफ्टवेअर आणलं, इंटेक्सनं त्यावर १,९९९ चा फोन काढला, चालला नाही, पण त्याच कोडमधून पुढे कायओएस निघालं आणि २०१७ च्या जिओफोनमधे तेच होतं, म्हणजे अगदीच वाया नाही गेलं.

सात इंची टॅबला मारलं कोणी तर फोननं. ५ आणि साडेपाच इंची फोन ९-१० हजारात यायला लागले, सप्टेंबर २०१६ मधे जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला, मग खिशात मावणारं सोडून हातात पाटी कोण घेऊन फिरणार.

अँड्रॉइडवर गूगलची पकड मात्र वाढतच गेली. अँड्रॉइड फुकट, पण प्ले स्टोअर हवं तर गूगलची बाकीची ॲप्स सोबत टाकणं भाग, अशी अट असायची. ऑक्टोबर २०२२ मधे भारतीय स्पर्धा आयोगानं यावरून गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला आणि जानेवारी २०२३ मधे गूगलनं भारतात ॲप्स सुटी सुटी घ्यायची मुभा जाहीर केली. तोपर्यंत फनबुकवाले केव्हाच मैदानाबाहेर गेले होते.

पुन्हा टॅब

मार्च २०२० मधे शाळा बंद झाल्या आणि टॅबला परत दिवस आले. एका घरात दोन पोट्टे, दोघांचा वर्ग एकाच वेळी आणि फोन एकच, तोही बाबांचा. आता सात इंची कोणी विचारत नव्हतं, ८ ते ११ इंची हवा होता, आणि देशी नावं जवळपास गायब, सॅमसंग, लेनोवो, मग २०२१ मधे रिअलमी, २०२२ मधे रेडमी. ऑगस्ट २०२३ मधे केंद्रानं लॅपटॉप-टॅबच्या आयातीवर परवान्याची अट जाहीर केली, ओरड झाल्यावर ती मवाळ करून नोंदणीच्या पद्धतीवर आणली.

नागपुरात टॅब दोन प्रकारच्या हातांत जास्त दिसतो. एक म्हणजे अभ्यासिकांमधली एमपीएससीवाली मुलं, ज्यांना पीडीएफ वाचायची असते आणि प्रिंटचा खर्च परवडत नाही. दुसरे महाज्योतीचे विद्यार्थी. महात्मा ज्योतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्था, जिचं मुख्यालय नागपुरातच आहे, ती इतर मागासवर्ग, भटक्या विमुक्त जाती-जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना जेईई, नीट, सीईटीच्या तयारीसाठी मोफत टॅब आणि रोजचा ६ जीबी डेटा देते. आकाशच्या वेळी यंत्रावर जोर होता आणि डेटाचा विचार मागे राहिला होता, इथे डेटा सोबत येतो.

नवीन टॅब घेताना लोक रॅम विचारतात, अपडेट किती वर्षं येणार हे क्वचितच. ॲप्स आधी जुन्या अँड्रॉइडला सोडतात, यंत्र नंतर मरतं. व्हॉट्सॲपनं ऑक्टोबर २०२३ पासून ५.० च्या खालचं अँड्रॉइड सोडलं, म्हणजे २०१२-१३ चा जवळपास कुठलाही ७ इंची स्वस्त टॅब, टच शाबूत असला तरी, त्या कामाचा नाही, आणि बर्डीवर एक्सचेंजमधे कोणी घेतही नाही. माझ्यावाल्याची काच परत फुटली तेव्हा कारागीरानं पट्टीवरचा नंबर वाचला आणि न शोधताच मान हलवली. म्हणाला, हा गठ्ठा मागच्या दिवाळीच्या साफसफाईत टाकून दिला.