मशीन सीसीतून घेऊ नका: कॅश क्रेडिट आणि टर्म लोन

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर या औद्योगिक भागांत कुठंही जा, एक वाक्य हमखास कानावर पडतं: "सीसीला हप्ता नसतो, मग मशीन त्यातूनच घेऊ." सीसी म्हणजे कॅश क्रेडिट, माल आणि येणी यांच्या जोरावर बँकेनं दिलेलं रोजच्या खर्चाचं कर्जखातं: लागेल तसं उचला, पैसे आले की भरा. हातात भरपूर काम असलेली मशीनशॉप या हिशेबापायी अडकतात आणि दोष दिला जातो मंदीला. म्हणून हे लिहितोय.

टर्म लोन सगळ्यांना माहीत आहे. कोटेशन द्यायचं, साधारण चौथा हिस्सा आपला घालायचा, उरलेलं बँक देते, दरमहा हप्ता. गाडीचं कर्ज फेडलेल्याला यात नवीन काही नाही. व्याजदरातला थोडाफार फरक, प्रोसेसिंग फी, सीसीचं दरवर्षीचं नूतनीकरण, यावर डोकं शिणवू नका.

खरी गफलत ड्रॉइंग पॉवरमध्ये, म्हणजे डीपीमध्ये आहे. सीसीचं मंजूर लिमिट म्हणजे उचलता येणारी रक्कम, असं बहुतेक जण धरून चालतात. तसं नाही. वर्षाची उलाढाल १ कोटी असेल तर २० टक्क्यांच्या नियमानं २० लाखांचं लिमिट बसतं. पण प्रत्यक्षात किती उचलता येईल, हे दर महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट ठरवतं. कच्चा माल, तयार माल आणि येणी धरायची, त्यातून देणी वजा करायची आणि उरलेल्यातून बँकेचं मार्जिन, बहुधा २५ टक्के, काढायचं. ही झाली डीपी. यात मशीन कुठंही धरलं जात नाही.

समजा माल आणि येणी, देणी वजा जाता, २४ लाख आहेत. डीपी १८ लाख. खात्यावर उचल ८ लाख, म्हणजे १० लाख हाताशी. आता ८ लाखांचं जुनं व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन, सीसीतून घेतलं. उचल १६ लाख झाली, डीपी मात्र १८ लाखच राहिली. पुढच्या महिन्यात एका पार्टीचं ४ लाखांचं बिल ९० दिवसांपलीकडं गेलं. बहुतेक बँका इतकं जुनं येणं मोजत नाहीत. २४ चे २० झाले, डीपी १५ वर आली आणि खातं १ लाखानं ओव्हर. कास्टिंगचे पैसे, पगार, लाइट बिल, सगळं एकदम थांबतं. मशीन चालू आहे, ऑर्डर आहे, नफाही आहे, पण पैसा मशीनमध्ये जाऊन बसलाय आणि तो परत यायला काही वर्षं लागणार. खातं डीपीच्या वर सलग ९० दिवस राहिलं की एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज.

हेच मशीन ६ लाखांच्या टर्म लोनवर आणि २ लाख स्वतःचे घालून घेतलं असतं, तर ११ टक्के व्याजानं ५ वर्षांसाठी हप्ता तेरा हजारांच्या आसपास बसला असता. तो मशीनच्या कामातून निघतो. उचल ८ लाखांवरच राहिली असती आणि तेच ४ लाख अडकूनही ७ लाख हाताशी उरले असते. जुन्या मशीनला कर्ज द्यायला बँका कुरकुरतात, हे खरं आहे. तरी माझं मत पक्कं आहे: कर्ज मिळेपर्यंत थांबा, जॉबवर्क बाहेर द्या, पण सीसीला हात लावू नका.

स्टॉक स्टेटमेंटमध्ये आकडे फुगवून डीपी वाढवण्याचा सल्ला देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. बँकेची तपासणी झाली की तो सल्लागार फोन उचलत नाही, आणि कागदावर सही तुमची असते. त्यापेक्षा अडकलेल्या बिलामागं लागा. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला, लेखी करार असला तरी, जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, असं सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा २००६ चा एमएसएमईडी कायदा सांगतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. पार्टी तुटेल या भीतीनं कुणी ते मागत नाही. निदान बिलावर उद्यम क्रमांक तरी छापा.

सीसीतून मशीन आधीच घेतलं असेल, तर खातं नियमित असतानाच बँकेत जा आणि अडकलेली रक्कम वेगळी काढून हप्त्यांवर मागा. त्याला वर्किंग कॅपिटल टर्म लोन म्हणतात. खातं थकल्यावर तीच मागणी घेऊन गेलात, तर बँक तुमच्याकडं अडचणीतला कर्जदार म्हणूनच बघणार.