डेस्कटॉप अ‍ॅप्लिकेशनमधील डीबगिंग

वापरकर्त्याच्या संगणकावर थेट चालणाऱ्या, विंडो, मेनू आणि बटणे असलेल्या प्रोग्राममधील दोषांचे मूळ शोधून ते दूर करण्याचे काम म्हणजे डेस्कटॉप अ‍ॅप्लिकेशनचे डीबगिंग. असे प्रोग्राम सी++, सी#, जावा, पायथन, जावास्क्रिप्ट अशा भाषांत आणि विनफॉर्म्स, डब्ल्यूपीएफ, क्यूटी, स्विंग, टीकिंटर, इलेक्ट्रॉन अशा फ्रेमवर्कवर (विंडो, बटणे यांचा तयार सांगाडा देणाऱ्या संचांवर) लिहिले जातात. साधने निराळी असली तरी अडचणींचे प्रकार बरेचसे तेच असतात.

सर्व्हरवरचा प्रोग्राम बहुधा लिहिणाऱ्याच्या ताब्यातल्या संगणकावर चालतो. डेस्कटॉप प्रोग्राम परक्या संगणकावर तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस उघडा असतो. तिथे कोणत्या लायब्ररी (प्रोग्रामला लागणारे तयार कोड) आहेत, वापरकर्त्याला कोणते अधिकार आहेत, किती स्क्रीन जोडल्या आहेत, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते. म्हणून दोष जिथे दिसतो आणि जिथे घडलेला असतो, त्या दोन जागा क्वचितच एक असतात. सकाळी उघडलेल्या एका विंडोने धरून ठेवलेली मेमरी संध्याकाळी भलत्याच ठिकाणी क्रॅश घडवते. या कामातले खरे कौशल्य त्या दोन जागांमधला माग काढण्यात आहे. अंदाजाने ओळी बदलून पाहण्याने बहुतेक वेळा लक्षण दबते आणि मूळ दोष तसाच राहतो.

दोष पुन्हा घडवणे

पहिली पायरी कोड उघडण्याची नसते. दोष हमखास पुन्हा घडेल अशी कृती आधी हाती लागावी लागते. ‘सेव्ह केल्यावर प्रोग्राम बंद पडतो’ ही तक्रार झाली. ‘नवीन फाइल उघडून, काहीही न लिहिता, नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये सेव्ह केल्यास बंद पडतो’ हे वर्णन झाले. दुसऱ्या वाक्यात निम्मे उत्तर आलेले असते. मग या कृतीतला एकेक भाग काढून पाहायचा. नेटवर्कऐवजी स्थानिक डिस्कवरही तेच होते का? फाइलमध्ये मजकूर असला तर? प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम कंटाळवाणा वाटतो, पण दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि दोष नाहीसा झाला, तर काहीच कळलेले नसते.

पूर्वी चालणारी गोष्ट मधल्या काळात बिघडली असेल तर आवृत्त्यांच्या इतिहासात शोध घेता येतो. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिट या साधनातील ‘बायसेक्ट’ ही आज्ञा दर वेळी उरलेला इतिहास अर्धा करते, त्यामुळे १,००० कमिटमधून (नोंदवलेल्या बदलांमधून) दोषी कमिट सुमारे १० चाचण्यांत सापडते. मात्र त्यासाठी प्रत्येक कमिट बिल्ड होण्याजोगी, म्हणजे तिच्यापासून चालणारा प्रोग्राम बनेल अशी, ठेवण्याची शिस्त आधीपासून असावी लागते.

थ्रेड आणि हँग झालेली विंडो

डेस्कटॉप प्रोग्रामांतील सर्वांत नेहमीची तक्रार म्हणजे ‘हँग होतो’. जवळजवळ सर्व ग्राफिकल फ्रेमवर्कमध्ये माउस, कीबोर्ड आणि विंडो पुन्हा रंगवण्याचे संदेश एकाच थ्रेडवर (प्रोग्राममधल्या कामाच्या एका धाग्यावर), एका रांगेतून, एकामागून एक हाताळले जातात. बटणाच्या क्लिकवर लिहिलेले कामही त्याच थ्रेडवर चालते. ते काम मोठी फाइल वाचण्याचे किंवा डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहण्याचे असेल, तर ते संपेपर्यंत रांग तुंबते. विंडोने ५ सेकंदांपर्यंत एकही संदेश उचलला नाही तर विंडोज तिला ‘प्रतिसाद देत नाही’ असे ठरवते. प्रोग्राम तेव्हा मेलेला नसतो. कामात अडकलेला असतो. तरीही वापरकर्ता तो जबरदस्तीने बंद करतो आणि अर्धवट लिहिलेली फाइल मागे राहते.

उपाय म्हणून लांबचे काम दुसऱ्या थ्रेडवर नेले की पुढची अडचण उभी राहते: त्या थ्रेडवरून लेबल किंवा टेबल बदलायला गेल्यास फ्रेमवर्क एरर देते, किंवा आणखी वाईट म्हणजे काहीच न बोलता कधीतरी बिघडते. स्क्रीनवरच्या घटकांना फक्त मुख्य थ्रेडनेच हात लावायचा, हा नियम जवळपास सगळीकडे आहे. निकाल मुख्य थ्रेडकडे सोपवण्यासाठी विनफॉर्म्समध्ये ‘इन्व्होक’, डब्ल्यूपीएफमध्ये ‘डिस्पॅचर’, क्यूटीमध्ये रांगेतून जाणारे सिग्नल आणि स्विंगमध्ये ‘इन्व्होकलेटर’ आहे. जावामध्ये २००६ च्या ६ व्या आवृत्तीपासून ‘स्विंगवर्कर’ प्रमाण लायब्ररीत आला. टीकिंटरमध्ये थांबण्यासाठी ‘स्लीप’ वापरले की विंडो गोठते. तिथे ‘आफ्टर’ ही पद्धत वापरतात.

सी# मध्ये २०१२ साली थ्रेड न अडवता कामाची वाट पाहण्यासाठी ‘असिंक’ आणि ‘अवेट’ आले आणि हे लिहिणे पुष्कळ सोपे झाले, पण सोबत एक नवा सापळाही आला. मुख्य थ्रेडवरून असिंक काम सुरू करायचे आणि त्याच्या ‘रिझल्ट’ची तिथेच वाट पाहायची, असे केल्यास मुख्य थ्रेड कामासाठी अडतो आणि काम आपला उरलेला भाग मुख्य थ्रेडवर चालवण्यासाठी अडते. दोघेही कायमचे थांबतात. असा प्रोग्राम हँग असताना सीपीयूचा वापर शून्याजवळ दिसतो, तर अनंत लूपमध्ये सीपीयूचा एक कोर पूर्ण व्यापलेला असतो. टास्क मॅनेजरमधली ही एक नजर तपासाची दिशा ठरवून देते.

लूपच्या मध्ये ‘डूइव्हेंट्स’ घालून विंडो हलती ठेवण्याची जुनी सवय मात्र मोडलेलीच बरी. त्यामुळे तुंबलेले संदेश मधल्या मध्ये हाताळले जातात आणि पहिले काम संपण्याआधी वापरकर्त्याची दुसरी क्लिक तेच काम पुन्हा सुरू करते. एकाच नोंदीच्या दोन प्रती कुठून आल्या, हा शोध नंतर फार वेळ खातो.

एकमेकांना जागे करणारे इव्हेंट (क्लिक, बदल अशा घटनांच्या सूचना) हा याच घराण्यातला दोष. सेल्सिअसची चौकट बदलली की फॅरनहाइटची बदलायची आणि उलटही, असे लिहिले आणि पूर्णांकात आणताना आकडा किंचित सरकला, तर दोन्ही चौकटी एकमेकींना हलवत राहतात आणि शेवटी स्टॅक (चालू फंक्शनांच्या नोंदींसाठीची मेमरी) संपतो. विंडोजवर मुख्य थ्रेडचा स्टॅक सहसा १ एमबीचा असतो, आणि सी# ज्यावर चालते त्या डॉटनेटमध्ये स्टॅक संपल्याचा अपवाद (चालताना उठलेली एरर) तो झेलणाऱ्या ‘कॅच’ ब्लॉकमध्ये पकडताच येत नाही, प्रोग्राम तडक बंद होतो. ‘हा बदल आपणच करत आहोत’ असे सांगणारा एक ध्वज (हो किंवा नाही साठवणारे चल) ठेवणे हा साधा इलाज पुरतो.

क्रॅश आणि मेमरी

वस्तू तयार होण्याआधी किंवा सोडून दिल्यानंतर तिला हात लावल्याने होणारे क्रॅश संख्येने फार असतात. नल संदर्भाची, म्हणजे कोणत्याच वस्तूकडे न नेणाऱ्या संदर्भाची, कल्पना संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गॉल-डब्ल्यू भाषेसाठी आणली आणि २००९ मध्ये तिला स्वतःच ‘अब्ज डॉलरची चूक’ म्हटले. सी# च्या ८ व्या आवृत्तीत (२०१९) नलची शक्यता कंपायलरकडून तपासून घेण्याची सोय झाली. नल दिसला की तिथे ‘जर नल नसेल तर’ अशी अट टाकून पुढे जाणे हा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत फसवा उपाय आहे. विचारायला हवे ते हे की, तिथे नल पोचला कसा? कॉल स्टॅक (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले याची यादी) क्रॅशच्या जागेपासून बोलावणाऱ्या फंक्शनांकडे वाचत गेले की बहुधा नलचा उगम सापडतो.

रिकाम्या ‘कॅच’ ब्लॉकइतके नुकसान दुसरे काहीच करत नाही. एरर गिळली जाते, प्रोग्राम चुकीच्या स्थितीत पुढे चालत राहतो आणि दहा पावले पुढे असंबद्ध ठिकाणी पडतो. अपवाद हाताळता येत नसेल तर निदान लॉगमध्ये (प्रोग्रामच्या नोंदवहीत) त्याचा प्रकार, संदेश आणि स्टॅक उतरवून तो वर जाऊ द्यावा.

सी आणि सी++ मध्ये मोकळ्या केलेल्या मेमरीचा वापर आणि आरंभीचे मूल्य न दिलेली चले हे दोष पुष्कळदा तपासणीसाठीच्या ‘डीबग’ बिल्डमध्ये दबून राहतात व वापरकर्त्यांना द्यायच्या ‘रिलीज’मध्ये उफाळतात, कारण दोन्ही बिल्डमध्ये मेमरीची मांडणी आणि कामाचा वेग निराळा असतो. अशा वेळी ब्रेकपॉइंट (प्रोग्राम थांबवण्याच्या खुणा) लावून बसण्यापेक्षा मोकळ्या केलेल्या मेमरीसाठी अ‍ॅड्रेससॅनिटायझर किंवा लिनक्सवर दोन्ही दोषांसाठी व्हॅलग्रिंड चालवणे शहाणपणाचे. ही साधने बहुधा चूक घडते त्याच ओळीवर बोट ठेवतात.

कचरा-संकलन करणाऱ्या, म्हणजे न लागणारी मेमरी आपोआप साफ करणाऱ्या, भाषांतही मेमरी गळते. बंद केलेल्या विंडोने दीर्घायुषी वस्तूच्या इव्हेंटसाठीची आपली नोंदणी रद्द केली नाही, तर त्या वस्तूकडे विंडोचा संदर्भ राहतो आणि विंडो कधीच साफ होत नाही. टीकिंटरमध्ये नेमके उलटे घडते: चित्राचा संदर्भ फक्त फंक्शनमधल्या स्थानिक चलात ठेवला, तर फंक्शन संपताच चित्र नष्ट होते आणि लेबल रिकामे दिसते. मेमरीखेरीज हँडलही (सिस्टीमकडून मिळालेल्या वस्तूंच्या ओळखखुणाही) गळतात. विंडोजमध्ये एका प्रोसेसला मूळ मर्यादेनुसार चित्र रंगवणाऱ्या जीडीआय या यंत्रणेचे १०,००० हँडल मिळतात. ब्रश, फॉन्ट, बिटमॅप तयार करून सोडले नाहीत की ही मर्यादा गाठली जाते आणि आयकॉन गायब होणे, विंडोचा काही भाग न रंगणे असे प्रकार सुरू होतात, तेही संगणकात मेमरी भरपूर शिल्लक असताना. टास्क मॅनेजरमध्ये जीडीआय वस्तूंचा स्तंभ दाखवता येतो. एकच विंडो पुन्हा पुन्हा उघड-बंद करून तो आकडा चढताच राहतो का, हे पाहावे.

‘माझ्याकडे तर चालते’

लिहिणाऱ्याच्या संगणकावर डेव्हलपमेंटची सगळी साधने असतात. वापरकर्त्याकडे ती नसतात. व्हिज्युअल सी++ ची रनटाइम लायब्ररी नसणे, ६४ बिटच्या प्रोसेसमध्ये ३२ बिटची डीएलएल (विंडोजवरची लायब्ररीची फाइल) लोड करायला जाणे, त्याच नावाची जुनी डीएलएल आधी सापडणे ही नेहमीची कारणे. प्रोग्राम सुरूच होत नसेल तर त्याच्या कोडमध्ये शोधण्याआधी हे तपासावे.

फाइल सापडत नाही अशा तक्रारींमागे बहुधा सापेक्ष पथ (चालू फोल्डरपासून मोजलेला पत्ता) असतो. प्रोग्राम ज्या फोल्डरमध्ये आहे ते आणि चालू फोल्डर एकच असतील असे गृहीत धरलेले असते. शॉर्टकटवरून किंवा फाइलवर डबल-क्लिक करून उघडल्यास ते जुळत नाहीत. मॅकओएसमध्ये फाइंडरमधून उघडलेल्या अ‍ॅपला टर्मिनलमधली ‘पाथ’ची (प्रोग्राम कोणत्या फोल्डरांत शोधायचे याची) मांडणीही मिळत नाही. लिनक्सवर फाइलनावातील लहान-मोठी अक्षरे वेगळी मानली जातात, त्यामुळे विंडोजवर निमूट चाललेला कोड तिथे अडतो. विंडोजची पथासाठी २६० वर्णांची जुनी मर्यादाही लक्षात ठेवावी लागते; विंडोज १० च्या २०१६ मधील १६०७ आवृत्तीपासून ती उठवता येते, पण संगणकावरची मांडणी आणि प्रोग्राम अशा दोघांनी तयारी दाखवावी लागते.

‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये सेटिंग लिहिणे हा अधिकारांशी निगडित दोष. विंडोज व्हिस्टापासून सामान्य वापरकर्त्याला तिथे लिहिता येत नाही. जुन्या ३२ बिट प्रोग्रामांचे असे लेखन विंडोज गुपचूप वापरकर्त्याच्या खासगी फोल्डरकडे वळवते, आणि मग एकाच संगणकावरच्या दोन वापरकर्त्यांना दोन निराळ्या सेटिंग दिसतात. वापरकर्त्याचा डेटा ‘अ‍ॅपडेटा’सारख्या ठरलेल्या जागीच ठेवावा.

या साऱ्या तपासात विंडोजवर ‘प्रोसेस मॉनिटर’सारखे दुसरे साधन नाही. मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांच्या सिसइंटर्नल्स संचातले हे साधन २००६ मध्ये आले. प्रोग्रामने कोणती फाइल आणि रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातली) कोणती की मागितली व काय उत्तर मिळाले, हे ते ओळीओळीने दाखवते. लिनक्सवर फाइलींपुरते ‘एस-ट्रेस’ (strace) हेच काम करते. तासभर कोड वाचून न कळणारी गोष्ट इथे पुष्कळदा एका ओळीत दिसते.

लिपी, आकडे आणि स्क्रीन

विंडोजच्या जुन्या ‘एएनएसआय’ पद्धतीत सिस्टीमसाठी निवडता येईल असे देवनागरीचे कोडपेजच (अक्षरे कोणत्या आकड्यांनी साठवायची याचा तक्ताच) नाही. त्यामुळे जुन्या फंक्शनांतून गेलेले देवनागरी फाइलनाव प्रश्नचिन्हांची रांग होऊन बसते आणि समोर असलेली फाइल ‘सापडत नाही’. सर्व लिपींना सामावणाऱ्या युनिकोडची फंक्शने वापरणे आणि फाइल वाचता-लिहिताना यूटीएफ-८ ही त्याची साठवणपद्धत स्पष्टपणे सांगणे हाच पक्का उपाय आहे. लांबी मोजण्यातही फसगत होते: ‘क्षि’ हे वाचणाऱ्याला एक अक्षर, पण युनिकोडमध्ये चार चिन्हे. ठरावीक लांबीवर मजकूर तोडणारा कोड अक्षराचे तुकडे करतो. ही चूक केवळ रोमन मजकुरावर केलेल्या चाचणीत कधीच उघड होत नाही.

जर्मन मांडणीत (संगणकाच्या देश-भाषेच्या सेटिंगमध्ये) दशांशचिन्ह स्वल्पविराम असतो, म्हणून डॉटनेटमध्ये तिथे ‘१.५’ हा रोमन आकड्यांतला मजकूर वाचला असता १५ होतो. तुर्की मांडणीत मोठ्या ‘आय’चे लहान रूप बिनटिंबाचे असल्याने शब्दांची तुलना फसते. फाइलमध्ये साठवायच्या आकड्यांसाठी मांडणीनिरपेक्ष रूप वापरावे आणि वापरकर्त्याला दाखवताना त्याची मांडणी. पैशांच्या हिशेबात द्विमान अपूर्णांक वापरू नयेत, त्यांत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज बरोबर ०.३ येत नाही.

विंडोजचे मूळ माप ९६ डीपीआय (इंचामागे बिंदू). जास्त डीपीआयची तयारी न सांगितलेल्या प्रोग्रामचे चित्र विंडोज ताणून मोठे करते आणि अक्षरे धूसर दिसतात. विंडोची जागा लक्षात ठेवणाऱ्या प्रोग्रामांत आणखी एक गंमतशीर भासणारा, पण वापरकर्त्याला हतबल करणारा दोष असतो: दुसरी स्क्रीन काढून टाकल्यावर विंडो तिच्याच जागेवर, म्हणजे नजरेबाहेर उघडते. प्रोग्राम चालू आहे, टास्कबारवर दिसतो, तरी विंडो नाही. सुरुवातीला जतन केलेली जागा आज जोडलेल्या स्क्रीनवर येते का, हे तपासावे.

लॉग आणि डंप

परक्या संगणकावरचा दोष समोर घडत नसेल तर पुरावा तिथूनच मागवावा लागतो. लॉगमध्ये वेळ, थ्रेडचा क्रमांक, प्रोग्रामची आवृत्ती आणि ऑपरेटिंग सिस्टीमची आवृत्ती नसेल तर त्याचा उपयोग फार थोडा. क्रॅशच्या क्षणाचा मिनिडंप (प्रोग्रामच्या स्थितीची छोटी फाइल) विनडीबीजी किंवा व्हिज्युअल स्टुडिओ या साधनांमध्ये उघडून कॉल स्टॅक पाहता येतो, पण त्यासाठी नेमक्या त्याच बिल्डची, मेमरीतल्या पत्त्यांना फंक्शनांची नावे जोडणारी सिम्बॉल फाइल (पीडीबी) लागते. त्याच कोडवरून नंतर केलेल्या बिल्डची चालत नाही. म्हणून प्रसिद्ध केलेल्या प्रत्येक आवृत्तीच्या पीडीबी फाइली जपून ठेवतात. पूर्ण डंपमध्ये त्या क्षणी मेमरीत असलेले सर्व काही उतरते, उघडा दस्तऐवज आणि पासवर्डसुद्धा. त्यामुळे तो मागवताना वापरकर्त्याची स्पष्ट परवानगी घ्यावी, आणि दोष सुटला की डंप पुसून टाकावा.