ऑइल कूलर काढायचाय? आधी इंजिन थंड होऊ द्या

मोठ्या डिझेल इंजिनांत ऑइल कूलर बऱ्याचदा ब्लॉकच्या बाजूलाच, एका जाड कव्हरखाली असतो. पातळ प्लेटांचा गठ्ठा, आतून ऑइल फिरतं, बाहेरून कूलंट (इंजिन थंड ठेवणारं, ग्लायकॉल मिसळलेलं पाणी), मध्ये फक्त पातळ पत्रा, आणि त्यातूनच ऑइलची उष्णता कूलंटमध्ये जाते.

हा पत्रा फुटला की गंमत बघा. चालू इंजिनात ऑइलचं प्रेशर कूलंटपेक्षा बरंच जास्त, म्हणून ऑइल कूलंटमध्ये घुसतं आणि कूलंटच्या टाकीत तपकिरी मलईसारखा थर दिसतो. इंजिन बंद केलं की ऑइलचं प्रेशर लगेच शून्य, पण गरम कूलंटचं बराच वेळ टिकतं, मग उलटं होतं, कूलंट ऑइलमध्ये उतरतं. हे दुसरं जास्त वाईट, कारण ग्लायकॉलमुळे ऑइल घट्ट होऊन गाळ बनतो आणि बेअरिंगं खराब होतात.

आता काढायचं म्हटलं की लोक थेट पाना हातात घेतात. मला विचाराल तर खरा धोका बोल्टमध्ये नाहीच, तो साठलेल्या उष्णतेत आहे. कूलंटची (रेडिएटरची) कॅप साधारण १ बार प्रेशर धरून ठेवते, त्यामुळे आतलं पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. ११० अंशांवर कॅप उघडलीत तर प्रेशर एकदम पडतं, थोड्या पाण्याची क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या हजारपट तरी जास्त जागा लागते, ती उरलेलं उकळतं कूलंट घेऊन सरळ तोंडावर येते. ६० अंशांचं पाणीसुद्धा काही सेकंदांत कातडी भाजतं हो. त्यामुळे हात लावता येईल इतकं इंजिन निवू द्या, मगच कॅप हळूहळू सोडा.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, ऑइल आणि कूलंट दोन्ही ड्रेन करा. नुसता रेडिएटर रिकामा करून भागत नाही, ब्लॉकमध्ये कूलंट उरतं, त्याचा ड्रेन प्लग वेगळा असेल तर तोही उघडा. कूलंट उघड्यावर ठेवू नका, इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं आणि विषारी असतं, कुत्री-मांजरी चाटतात आणि मरतात.

बोल्ट कडेकडेने थोडे थोडे ढिले करा, वरचे दोन शेवटपर्यंत राहू द्या, कारण कव्हर जड असतं आणि चिकटलेलं गॅस्केट (सांध्यातलं सील) सुटलं की एकदम हातात येतं, खाली आधार हवाच. बोल्ट कमीजास्त लांबीचे असतात, पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढून जिथला तिथे खोचून ठेवा, लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर आटे जातात नाहीतर ब्लॉकला तडा जातो. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, मशीन केलेल्या पृष्ठभागावर ओरखडा पडला की नवं गॅस्केटही गळतं.

आणि बेअरिंग झिजल्यामुळे कूलर काढत असाल तर तो धुऊन परत बसवू नका. धातूचा बारीक चुरा प्लेटांच्या आत अडकतो, धुतला तरी पूर्ण निघत नाही, आणि इंजिन सुरू झालं की तोच चुरा नव्या बेअरिंगमध्ये जातो.