झुडपी जंगलाच्या पुनरुज्जीवनासाठी सीएसआर निधी : अर्ज देखभालीच्या पानावर का अडतो

नागपूर जिल्ह्यातील संस्था झुडपी जंगल किंवा गवताळ माळ पूर्ववत करण्यासाठी कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीकडे, म्हणजे सीएसआरकडे अर्ज करतात, तेव्हा लागवडीचा भाग बहुधा नेटका असतो. अर्ज परत येतो तो पुढच्या पानांमुळे, कारण लागवडीनंतर निगा कोण राखणार, गवत-झुडपांची मोजणी कशी होणार आणि त्याचा पैसा कुठून येणार हे तेथे दोन ओळींत उरकलेले असते.

पात्रतेचे थोडक्यात सांगतो. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 135 खालील हा निधी नोंदणीकृत सार्वजनिक न्यास, सोसायटी किंवा कलम 8 कंपनीमार्फत खर्च करता येतो. संस्थेकडे आयकर सवलतीची 12ए व 80जी नोंदणी, तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-1 अर्ज भरून मिळालेला क्रमांक असावा. विश्वस्त बदलले असतील, तर 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल झालेला आहे ना, हे आधी पाहावे.

खरी अडचण जमिनीच्या कागदाची. सातबाऱ्यावर ‘झुडपी जंगल’ असे लिहिलेले असते, ताबा अनेक ठिकाणी महसूल खात्याकडे असतो, आणि संस्था मात्र ग्रामपंचायतीचा ठराव जोडून मोकळी होते. सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 च्या निकालात पूर्व विदर्भातील झुडपी जंगल हे वनच असल्याचे मानले आहे. त्यामुळे ज्या खात्याच्या ताब्यात ती जमीन आहे त्याचे लेखी संमतिपत्र लागते, आणि कुंपण किंवा कोणतेही बांधकाम प्रस्तावात घालण्यापूर्वी वन विभागाशी बोलणे आवश्यक ठरते. हे पत्र मिळायला महिने जातात, अर्जदाराला एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवले जाते, आणि ‘हे आमच्याकडे येत नाही’ एवढेही कोणी लेखी देत नाही, याची चीड येते. तरीही पत्रात तीन गोष्टी मागून घ्याव्यात: काम किती वर्षांसाठी, मोजणीसाठी जाण्या-येण्याची मुभा आणि निधी संपल्यानंतर देखभालीची जबाबदारी कोणाची. गावाला वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळालेला असेल, तर त्या क्षेत्राचे संरक्षण आणि व्यवस्थापन हा ग्रामसभेचाच अधिकार आहे, म्हणून तेथे आराखड्यावर ग्रामसभेचा ठराव आधी हवा.

दुसरी चूक मुदतीची. एकाहून अधिक वर्षे चालणाऱ्या, म्हणजे ‘चालू’ प्रकल्पाला ‘तीन वर्षे’ मिळतात असे सगळे म्हणतात, परंतु ही तीन वर्षे प्रकल्प ज्या आर्थिक वर्षात सुरू झाला ते वर्ष वगळून मोजतात. फेब्रुवारी 2027 मध्ये सुरू केलेले काम 31 मार्च 2030 ला संपवावे लागते. तेच काम एप्रिल 2027 मध्ये सुरू केले, तर 31 मार्च 2031 पर्यंत वेळ मिळतो. दोन महिने थांबल्याने देखभालीचा एक पूर्ण हंगाम वाढतो. मात्र कंपनीच्या संचालक मंडळाने तो ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर केलेला असला पाहिजे, म्हणून निगराणीचा सर्व वर्षांचा खर्च पहिल्याच प्रस्तावात दाखवावा.

तिसरी आणि सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे आरंभीची नोंद नसणे. कुदळ लावण्यापूर्वी जमीन कशी होती हे नंतर कोणीही सिद्ध करू शकत नाही. मागच्या हिवाळ्यात उमरेड मार्गावरील एका मंडळाची फाईल मी चाळली. तिच्यात ऑगस्टमधील हिरवीगार छायाचित्रे चाळीस होती, पण एकावरही तारीख किंवा जागा नव्हती. त्याच फाईलच्या तळाशी सचिवांची शंभर पानी वही होती. चौकट क्रमांक, गवताची नावे, तरोटा आणि रानतुळस किती, कोणत्या दिवशी किती मजूर, सगळे निळ्या शाईत. जोडायची होती ती वही, आणि ती जोडायची असते हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

त्यासाठी खुणेचे दगड रोवून कायमच्या जागा ठरवाव्यात, गवतासाठी एक मीटर बाय एक मीटरच्या चौकटी आखाव्यात आणि शेजारी काहीही काम न केलेला एक तुकडा तुलनेसाठी राखावा. मोजणी वर्षातून दोनदा पुरे: गवत फुलोऱ्यावर असताना सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आणि एप्रिलमध्ये. केवळ जिवंत रोपांची टक्केवारी मागणारा नमुना समोर आला, तरी गवत आणि झुडपांची मोजणी स्वतंत्र जोडावी. ज्या मुरमाड जमिनीवर मुळातच दाट जंगल उभे राहत नाही, तेथे झाडे मोजून यश ठरवणे त्या जमिनीवर अन्याय आहे.

देखभालीच्या अंदाजपत्रकात तीन खर्च हमखास विसरले जातात. घाणेरी, जिला आपल्याकडे रायमुनिया म्हणतात, ती एकदा काढून संपत नाही. मुळाचा गड्डा राहिला की पुन्हा फुटते आणि जमिनीतले बी पुढची काही वर्षे उगवत राहते, म्हणून उपटण्याची मजुरी दर पावसाळ्यात धरावी. जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून गवत काढून मोकळी ठेवलेली पट्टी, 15 फेब्रुवारीला वणव्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वी काढून झालेली असावी आणि राखणदाराचा पगार 15 जूनपर्यंत धरावा. तिसरा खर्च नांगी भरण्याचा, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावण्याचा. शिवाय चराईबाबत गुराख्यांशी बसून ठरलेले लिहून घ्यावे आणि गवत कापून नेण्याचे दिवस त्यात नमूद करावेत, कारण हा कागद नसल्यास दुसऱ्याच उन्हाळ्यात भांडण होते.

अर्ज देताना प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा. ‘ठेवून जा’ म्हटले तरी शिक्क्याशिवाय परतू नये.