डायरेक्टरच्या नावाची विशेषणं आणि कॅप्राएस्कचा घोळ

हिचकॉकियन, चॅप्लिनेस्क वगैरे सगळ्यांना माहितीयत, त्यात शिरत नाही. डायरेक्टरच्या नावावरून त्याच्या स्टाइलसाठी शब्द बनवायच्या या प्रकाराला खरा जोर आला तो १९५४ नंतर. तेव्हा एका तरुण फ्रेंच समीक्षकानं पटकथाकारांच्या जिवावर चालणाऱ्या सिनेमाला लेख लिहून झोडपलं, आणि पिक्चर डायरेक्टरचाच ही हवा तयार झाली. साठच्या दशकात ती अमेरिकेत पोचली. इटालियन डायरेक्टर फेलिनी तर म्हणायचा, मोठेपणी विशेषण व्हायचं हे माझं स्वप्न होतं. झालाही.

सगळ्यात जास्त गुंता 'कॅप्राएस्क'चा, म्हणजे हॉलिवूडचा जुना डायरेक्टर फ्रँक कॅप्रा याच्या नावाच्या विशेषणाचा. साधा माणूस, भाबडा चांगुलपणा, शेवट गोड, असा अर्थ आज घेतात. यात मोठा हात टीव्हीचा आहे. त्याचा 'इट्स अ वंडरफुल लाइफ' १९४६ चा, रिलीजला तोट्यात गेला, पुढे १९७४ ला कॉपीराइट रिन्यू करायचाच राहिला, मग काय, टीव्हीवाल्यांना फुकटात माल मिळाला आणि दर नाताळात त्यांनी तो इतका दाखवला की शेवटचा सीन लोकांना पाठ झाला. पण पिक्चर नीट बघा ना. नायक नाताळच्या आदल्या रात्री पुलावर जीव द्यायला उभाय, आठ हजार डॉलर ढापणाऱ्या म्हाताऱ्याला शेवटपर्यंत काहीही शिक्षा होत नाही, पैशांचा खड्डा गावकरी वर्गणी काढून भरतात. याला गोड म्हणायचं?

बरं, तो गोडवा तरी एकट्या कॅप्राचा का? तीसच्या दशकातले त्याचे बरेच हिट पिक्चर एकाच लेखकाचे. त्या लेखकानं म्हणे १२० कोरी पानं त्याच्यापुढे टाकली, की यावर दाखव तुझा टच. किस्सा बहुतेक रचलेलाच, पण श्रेयाचं भांडण खरं, १९७७ मध्ये ते पेपरात जाहीर रंगलं. माझं मत लेखकाच्या बाजूनं.

पुढं २०१८ च्या ऑक्टोबरात एका नामांकित इंग्रजी डिक्शनरीनं कॅप्राएस्क, कुब्रिकियन, लिंचियन, टॅरँटिनोएस्क अशी खेपच आत घेतली. (आपण 'भन्साळी टाइप सेट' म्हणून मोकळे होतो.) टॅरँटिनोएस्कच्या अर्थात स्टायलिश मारामारी, उलटसुलट क्रमानं सांगितलेली स्टोरी आणि खटकेबाज डायलॉग आहेत. आता टॅरँटिनोच्या 'पल्प फिक्शन'च्या पटकथेचं ऑस्कर दोघांना मिळून होतं, आणि दुसऱ्याच्या नावाचं विशेषण कुणाच्या तोंडी नाही.