खडकवासला धरणसाखळी

पुणे शहराला आणि जिल्ह्याच्या पूर्व भागातील शेतीला पाणी पुरवणाऱ्या खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांच्या समूहाला खडकवासला धरणसाखळी म्हणतात. टेमघर मुठा नदीवर, वरसगाव मोसी नदीवर आणि पानशेत आंबी नदीवर आहे. या तिन्ही नद्यांचे पाणी खाली खडकवासल्याच्या जलाशयात उतरते. साखळीची एकूण उपयुक्त साठवण सुमारे 29.15 टीएमसी (अब्ज घनफूट) असून त्यात वरसगावचा वाटा 12.82, पानशेतचा 10.65, टेमघरचा 3.71 आणि खडकवासल्याचा अवघा 1.97 टीएमसी आहे. म्हणजे साखळी ज्याच्या नावाने ओळखली जाते, तेच धरण तिच्यात सर्वांत लहान आहे.

तरीही सारा व्यवहार चालतो तो खडकवासल्यावरूनच. शहराची बंद जलवाहिनी येथूनच निघते आणि हवेली, दौंड व इंदापूर तालुक्यांकडे जाणारा उजवा मुठा कालवाही येथूनच सुटतो. वरची धरणे म्हणजे या लहान हौदाच्या मागे भरून ठेवलेली कोठारे होत. पावसाळ्यात हौद लवकर भरतो, येवा, म्हणजे धरणात येणारे पाणी, वाढला की मुठेत विसर्ग सुरू होतो आणि शहरात बाबा भिडे पूल पाण्याखाली गेल्याची बातमी येते. त्याच दिवसांत धरणाच्या चौपाटीवर भाजलेली कणसे खायला पुणेकरांची गर्दी उसळते. सोडलेले पाणी पुढे मुळा-मुठेतून भीमेत आणि तेथून उजनी धरणात जाते. उन्हाळ्यात मात्र शेतीचे आवर्तन (कालव्यातून ठरावीक काळाने सोडले जाणारे पाणी) आणि शहराचे पिण्याचे पाणी यांची ओढाताण कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत दरवर्षी नव्याने मांडली जाते.

खडकवासल्याचे दगडी धरण एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश अभियंता फाइफ याच्या पुढाकाराने उभे राहिले, म्हणून जलाशयाला पूर्वी ‘लेक फाइफ’ म्हणत. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी आखलेले स्वयंचलित दरवाजे 1903 मध्ये येथेच बसवले गेले. 12 जुलै 1961 रोजी काम अपुरे असलेले पानशेतचे मातीचे धरण फुटले. आदल्या रात्री लष्कराचे जवान वाळूची पोती रचून ते सावरू पाहत होते. पानशेतचा लोंढा आल्यावर खडकवासल्याचे धरणही टिकले नाही आणि नदीकाठच्या पेठा पाण्यात बुडाल्या. लोक या घटनेला ‘पानशेतचा पूर’ म्हणतात, पण खरे तर ती धरणफुटी होती. दोन्ही धरणे नंतर पुन्हा बांधण्यात आली. वरसगाव आणि टेमघर ही त्यानंतरची धरणे असून टेमघरच्या भिंतीतील गळती थांबवण्यासाठी पुढे मोठी दुरुस्ती करावी लागली.